बांधाखालची गुरगुर

हेमावती : अप्पा, बोट काढा बरं स्क्रीनवरनं. तुम्ही दाबलं की सगळं दुबलगुंडी गाव उलटं होतं.

चन्नबसप्पा : होऊ द्या की म्याडम. जल्मल्यापासून बगायलोय, एका कुशीवर पडून हाय. ती लाल भिंत उभी दिसायलीय, तीच न्हवं माझी भेग?

हेमावती : तुमची कशी? जमिनीची. आणि खरंच आहे का, तेच तपासायला मी परत आले. आत्ता हा नकाशा कच्चा आहे, पंचायतीला दिसतो तेवढाच; संध्याकाळी पक्का होऊन कलबुर्गीला भूगर्भ खात्यात जातो. तिथं एकदा गेला की ही लाल रेघ मला पुसता येणार नाही.

ईरम्मा : त्याला सांग पोरी, भेग त्याची आसंल तर आपल्या माजघरात नेऊन ठेव म्हणावं. माझ्या घराच्या पायाखाली कामून घातलीस?

चन्नबसप्पा : म्याडम, तिला सांगा, भेग म्हंजी म्हैस न्हवं, दावं धरून हिकडची तिकडं बांधायला.

हेमावती : अहो, अक्का समोरच बसल्यात. एका लिंबाच्या सावलीत बसलाय दोघं. मी कशाला मध्ये?

चन्नबसप्पा : आमचा अबोला हाय.

ईरम्मा : ह्यो माझ्या मालकाचा सख्खा थोरला भाऊ, बाळ. मालक अंथरुणाला खिळले, तवा आमची ज्वारी पोटऱ्यात आलती आन वाळायलती. ह्याच्या बोअरला पानी होतं. पदर पसरून गेले, एक डाव भिजवू दे म्हणाले. ह्यो म्हणाला, पानी पाचशे चाळीस फुटाला हाय, माझ्याच उसाला पुरंना. त्या दिवसापासून बोलले न्हाई. मालक गेले तवाबी न्हाई.

चन्नबसप्पा : मग काय खोटं सांगितलं? पाचशे चाळीस म्हंजी पाचशे चाळीस. म्याडम, बोअर पाडणारा रिगवाला हात जोडून रडायलता, की अप्पा, आता आमच्या गाडीवरचे पायप संपले. वर आलेलं पानी जिभेला लावलं तर खारट. म्या म्हणलं, थांब बाबा, आनखी खाली गेलास तर समुंदर लागंल. एक मासा बी आलता वर. डोळे नव्हते त्याला.

हेमावती : मासा?

चन्नबसप्पा : खाली सगळा अंधार. डोळ्याचं काय काम?

ईरम्मा : त्याला इचार, ह्यो मासा बगितला कुणी.

चन्नबसप्पा : मांजरानं खाल्ला म्हणावं तिला.

हेमावती : माशाचं राहू द्या. दोघंही हिकडं बघा. ह्या उभ्या काड्या म्हणजे गावातल्या बोअर. आपल्याकडं खाली काळ्या दगडाचे थर आहेत, भाकरीच्या चवडीसारखे, एकावर एक, आडवे. दोन थरांच्या मध्ये तांबडी माती. बोअर पाडताना ती माती किती फुटांना लागली, हे मी प्रत्येकाला विचारलं आणि काडीवर तिथं खूण केली. मग हा प्रोग्राम सगळ्या खुणांवरनं एक चादर ओढतो.

चन्नबसप्पा : दर्ग्यावर घालत्यात तशी.

हेमावती : तशीच. सगळ्या शिवारात ती सपाट बसते. तुमच्या ह्या बांधावर आली की फाटते. अक्कांच्या बाजूला तांबडी माती साठ फुटांना, तुमच्या बाजूला तीनशे चाळीसला. एवढं अंतर पडलं की प्रोग्राम म्हणतो, इथं जमीन तुटली आणि एक बाजू खाली गेली. तुटलं तिथं तो लाल भिंत उभी करतो. आम्ही त्याला भ्रंश म्हणतो.

चन्नबसप्पा : बगा. मशीनला बी पटलं. म्या सांगत होतो तवा गावानं दात काढले. बांधाखालनं गुरगुर येतीय म्हणून हाफिसात खबर कुणी दिली? म्याच. चिंचोळी तालुक्यात जमीन गुरगुरती तर मोठमोठे सायब येत्यात, आन आमची गुरगुर काय सवतीची हाय? पेपरात फोटू आला माझा, बांधाला कान लावल्याला. ह्या भेगेला नाव काय दिलाव?

हेमावती : दुबलगुंडी तीन.

चन्नबसप्पा : तीन? पयल्या दोन कुणाच्या?

हेमावती : कुणाच्या नाहीत. हुमनाबादच्या रस्त्याला दोन बारक्या आहेत.

चन्नबसप्पा : त्या गुरगुरत्यात का? न्हाई. मग मुकाट चन्नबसप्पा एक आसं घाला. आवो, म्या भूकंपातला जुना माणूस. किल्लारीच्या पहाटे घोंगडीसकट असा उडालो, की कडब्याच्या गंजीवर जाऊन पडलो. घोंगडीची घडी मोडली न्हाई.

ईरम्मा : झोपलाच गंजीवर होता. तिकडं माणसं गाडली गेली, आन ह्यो त्याच्यावर बी गोष्टी रचून खातोय. लाज न्हाई.

चन्नबसप्पा : हे ती कुणाला म्हणाली म्याडम?

हेमावती : मला नाही एवढं नक्की. अप्पा, तुम्हाला ही भेग हवीय, ते दिसतंय. अक्का, तुम्हाला नको. पण माझ्या म्हणण्यावर ना ती येते, ना जाते.

ईरम्मा : माझं ऐक पोरी. सरकारी योजनेतनं दोन खोल्या आल्या. भिंती उभ्या हायत. पंचायतीचा माणूस आला, त्याच्या मोबाईलवर तुझी लाल रेघ बगितली आन म्हणाला, स्लॅब थांबवा, भेगेवर घर मंजूर होत न्हाई. चिंताकीच्या पाहुण्यांनी दोनच गोष्टी मागितल्यात. पोरीला राहायला पक्कं छत आन शेताला पानी. माझ्या शिवप्रसादचं वय निघून चाललंय. छत न्हाई म्हणलं तर मल्लेश्वरीला ते दुसरीकडं देत्यात. तुझ्या एका रेघंनं माझं पोरगं बिनलग्नाचं राहतंय.

चन्नबसप्पा : सांगा तिला, पोराला माझ्या गोठ्यात जागा हाय. म्हशी काय मंजुरी मागत न्हाईत.

ईरम्मा : त्याला सांग, त्याच्या गोठ्यात राहण्यापरास भेगेत राहीन.

हेमावती : पुरे. मला ही भेग पहिल्यापासून खटकतेय. भाकरीची चवड नुसत्या एका बांधावर दोनशेऐंशी फूट कशी खचेल? पुढच्या शेतात पुन्हा सपाट. मागच्या शेतात सपाट. म्हणून विचारते. तीनशे चाळीस नक्की?

चन्नबसप्पा : बसवण्णाची आण... न्हाई, आण कशाला घेऊ? माणसाच्या जबानीला किंमत हाय का न्हाई? तीनशे चाळीस. तिचं साठ खोटं हाय.

ईरम्मा : माझं साठ खरं हाय. त्याचं खोटं.

हेमावती : दोघंही दुसऱ्याचाच आकडा खोटा म्हणताय. ठीक आहे. जीपमध्ये कॅमेरा आहे. बोअरमध्ये सोडायचा, तांबडी माती जिथं दिसेल तिथली खूण खरी. अप्पा, तुमची मोटार वर काढू या.

चन्नबसप्पा : जमायचं न्हाई. मोटार एकदा वर काढली की फिरून बसत न्हाई. केसिंग वाकडं हाय. आन बोअरला नजर लागती.

हेमावती : बरं. मग अक्कांची. अक्कांचं साठ खरं ठरलं, तर पुढचं मी बघते.

ईरम्मा : माझीत बी नको.

हेमावती : अक्का, घर तुमचं अडलंय.

ईरम्मा : नको म्हणलं न्हवं का? तिच्यावर दगड ठेवलाय. त्याला हळद-कुंकू लावलंय. तो हलवत न्हाईत.

चन्नबसप्पा : हे बगा. पानी साठ फुटाला म्हणायचं आन तोंडावर दगड ठेवायचा. मग तुझी भाजी कशावर हिरवी हाय म्हणावं तिला? थुंकीवर?

ईरम्मा : त्याला म्हणावं, तुझ्या उसावरची नजर आवर आदी, मग माझ्या भाजीकडं बग.

हेमावती : माझीच चूक आहे. दारोदार चहा पीत आकडे विचारले आणि भरले. मोजला एकही नाही.

चन्नबसप्पा : थांबा थांबा. लाईट आली वाटतं. थ्री फेज. माझ्या मोटारीनं घेतलं बगा आपोआप. आता कान द्या म्याडम. चूप बसा सगळे. आता येती ती.

हेमावती : काय येते?

चन्नबसप्पा : ऐका. ऐकलाव? गुर्र, गुर्र, मग ठक. हीच. आता सांगा भेग न्हाई म्हणून.

ईरम्मा : पोरी, चहा टाकू का? चल घराकडं. हिकडं ऊन यायलंय.

हेमावती : थांबा अक्का. परवा ह्या बांधाभर मी खिळे ठोकले ना, ते जमिनीचा आवाज ऐकतात. इथं रेघ नाचायला लागली बघा. अप्पा, एक काम करा. मोटार बंद करा.

चन्नबसप्पा : मोटारीचा काय संबंध?

हेमावती : करा तर.

चन्नबसप्पा : मोबाईलवर बंद होती माझी. सोनूनं बसवून दिलंय, नातजावई माझा, हैदराबादेत आसतो त्यो. हं. केली.

हेमावती : रेघ थांबली. आता चालू करा.

चन्नबसप्पा : केली.

हेमावती : गुर्र. बंद.

चन्नबसप्पा : केली बंद.

हेमावती : थांबली. अप्पा, भूकंप मोबाईलवर बंद होत नाही.

चन्नबसप्पा : माझा होतोय. तुमच्या पुस्तकात नसंल.

हेमावती : पुन्हा चालू करा आणि आता बोलू नका. कुठल्या खिळ्याला आवाज आधी पोचला, कुठल्याला मागनं, ह्यावरनं प्रोग्राम मूळ शोधतो. हा निळा ठिपका. भ्रंशाचा आवाज असता तर ठिपका पार खोल, कोसभर खाली गेला असता. हा कुठं आहे ते तुम्हीच वाचा.

चन्नबसप्पा : चष्मा न्हाई. सांगा.

हेमावती : चार फूट. बांधाच्या खाली, त्या पळसाच्या बुडाशी.

चन्नबसप्पा : पळसाच्या बुडाशी माझी पायपलाईन हाय. तिथं जॉइंट न्हाई माझा. सरळ पायप हाय तिथं. म्या स्वतः उभं राहून पुरलाय.

हेमावती : आता तिथं काहीतरी आहे. पाण्याबरोबर हवा ओढतंय आणि दगडावर आपटतंय.

चन्नबसप्पा : म्याडम, तिला इचारा. पळसापासून तिच्या भाजीच्या वाफ्याकडं काय गेलंय जमिनीतनं?

ईरम्मा : त्याला सांग, जमिनीखालचं मला काय दिसतंय? माझ्यापाशी असलं मशीन न्हाई.

चन्नबसप्पा : अय्यो. अय्यो देवा. उसाच्या शेवटच्या सरीला पानी पोचंना म्हणून म्या तीन मेकॅनिक बदलले. बोअर आटायली म्हणून सोमवार धरले. खाली नागीण पानी पितीय म्हणून आख्ख्या गावाला सांगत फिरलो.

ईरम्मा : नागीण म्हण की. चालंल मला.

चन्नबसप्पा : चोर हाय ही. म्याडम, तुम्ही साक्षीला. आत्ता पंचायत बसवतो. पायप उकरतो सगळ्यांदेखत. चिंताकीच्या पाहुण्यांना बी बोलावतो, या म्हणावं, सोयऱ्याचं पानी बगा, चोरीचं हाय.

ईरम्मा : त्याला सांग, बोलव. मी बी येते पंचायतीत, पदर खोचून. इचारते चारचौघांत, पाचशे चाळीस फुटाचं पानी एवढ्या जोरानं पळसापात्तुर कसं येतंय? तुझी मोटार तर तीन एचपीची हाय. गुरुलिंगला बी बोलव म्हणावं. त्यो तुझ्या दुसऱ्या बांधाला लागून रिग लावायच्या बेतात होता, तुझ्या पाचशे चाळीसनंच घाबरून बसलाय. त्याला कळू दे पानी कुठं हाय ते.

चन्नबसप्पा : गुरुलिंगचं नाव काढू नकू.

हेमावती : हे तुम्ही थेट त्यांना बोललात, अप्पा.

चन्नबसप्पा : न्हाई. तुमाला बोललो. तिला सांगा म्हणून राहिलं.

हेमावती : म्हणजे तीनशे चाळीस खोटं.

चन्नबसप्पा : खोटं कशाला? पान्यासंगं माती बी लांबवलेली हाय. म्याडम, तुम्ही शहरातल्या. हितं खरं पानी सांगितलं की महिन्यात चारी बांधाला चार बोअर पडत्यात. सगळ्यांची नळी माझ्याच घागरीत. मग काय करावं माणसानं? खोल सांगावं. सारं गाव सांगतंय. म्या जरा जास्त सांगितलं, म्हणून काय फाशी देता?

हेमावती : आणि अक्का, तुमचं साठ?

ईरम्मा : माझी बोअर कोरडी गेली, बाळ. मालकांच्या दवाखान्याआधी पाडलती, धूळ निघाली नुसती. आता पानी न्हाई म्हणलं तर पोराला पोरगी कोण देतंय? म्हणून दगड ठेवला, वर कुंकू लावलं, आन पाहुणे आले तवा ह्याची मोटार चालू व्हायची वाट बगत बसले. आली लाईट. सोडलं पानी वाफ्यात. साठ फुटाचं हाय म्हणाले, मग तुला माती बी तेवढ्यालाच सांगितली.

चन्नबसप्पा : माझं पानी दाखवून सोयरीक जमवली. बगा, बगा कलेजा.

ईरम्मा : सरळ मागितलं तवा दिलं आसतं, तर चोरून घ्यावं लागलं नसतं. ज्वारी वाळली तवा ह्याचा ऊस डोक्याएवढा होता. मालक खाटंवरनं बगायलते. हे सांग त्याला. नीट सांग.

हेमावती : हे मला सांगवणार नाही, अक्का. त्यांनी ऐकलंय.

चन्नबसप्पा : ऐकलं.

हेमावती : आता माझं ऐका. तुमच्या दोघांच्या दोन थापांनी ही चादर फाटलीय. एकानं खाली ओढली, एकीनं वर. अक्कांचं घर त्यात अडकलं. तांबडी माती खरी किती फुटांना, एवढंच मला हवंय. पाण्याचं मी विचारत नाही, लिहीतही नाही.

चन्नबसप्पा : तिला आदी सांगू द्या.

ईरम्मा : त्यानं आदी सांगावं.

हेमावती : मग तशीच पाठवते. लाल भिंतीसकट. भिंतीला अप्पांचं नावही देते. आणि खाली लिहिते, भेगेशेजारी बोअर आहे, तपासावी. मग साहेबलोक येतील, कॅमेरा सोडतील, गुरुलिंग शेजारी उभा राहून बघेल.

चन्नबसप्पा : तुमी कुण्या गावच्या म्याडम?

हेमावती : आई खटकचिंचोळीची.

चन्नबसप्पा : तरीच.

हेमावती : ओरडून सांगायला नको. एकेकानं कानात सांगा. अक्का, या. हं. बरं. अप्पा, तुम्ही. जवळ या, चावत नाही. हं. बघा आता. अक्कांच्या काडीवर दीडशे. अप्पांच्या काडीवर एकशे बावन्न. बटण दाबते.

चन्नबसप्पा : कुठं गेली?

हेमावती : काय?

चन्नबसप्पा : भिंत. आत्ता हितं होती की.

हेमावती : चादर सपाट झाली. भिंतीचं कारण उरलं नाही. यादीतनं दुबलगुंडी तीन खोडली. राहिल्या दोन, हुमनाबादच्या रस्त्याच्या.

चन्नबसप्पा : पेपरात फोटू आलता माझा.

ईरम्मा : म्हंजी तांबडी माती दोघांची बी दीडशेलाच. पानी मातर एकाच्याच काडीला.

हेमावती : तसं होतं, अक्का. खालच्या दगडाला चिरा कुठं असतात, कुठं नसतात. त्याचं मशीनला काही वाटत नाही.

ईरम्मा : मशीनला न्हाई वाटत ते ठीक हाय.

हेमावती : पंचायतीच्या माणसाच्या मोबाईलवर उद्यापर्यंत रेघ गेलेली असेल. स्लॅब टाका. आता गुरगुरीचं काय लिहू? अप्पांची तक्रार नोंदलेली आहे.

चन्नबसप्पा : लिवा, थांबली.

हेमावती : थांबलेली नाही. आत्ताही येतेय.

चन्नबसप्पा : थांबंल. लिवा तुमी. कुणी इचारलं तर म्या सांगतो, नागीण कूस बदलून झोपली. आन तिला सांगा म्याडम, ह्ये सगळं पोराचं लगीन हुईस्तवर. माझ्या भावाचं, राजशेखरचं पोरगं हाय म्हणून. लगीन झालं की पायप उपटायचा आन माझ्या दारात आणून टाकायचा. पोरगी आल्यावर तिला काय सांगायचं ते हिनं बगावं.

ईरम्मा : त्याला सांग, पायप माझ्या पैशाचा हाय. दारात कामून टाकू? पानी त्याचं हाय, ते घे म्हणावं भरून.

चन्नबसप्पा : बगितलाव? ह्ये असं हाय. वाकायची न्हाई. हिला सांगा...

हेमावती : अप्पा, मी लॅपटॉप मिटला. कलबुर्गी लांब आहे. पुढचं तुमचं तुम्ही सांगा एकमेकांना. येते मी, शरणू.

(जीप रस्त्याला लागते. लिंबाखाली दोघंच. बांधाखालची गुरगुर चालू.)

ईरम्मा : भावजी.

चन्नबसप्पा : काय हाय?

ईरम्मा : गुरुवारी चिंताकीचे पाहुणे फिरून पानी बगायला येणार हायत. जॉइंटला आज रबर टाकते म्या. आवाज यायचा न्हाई.

चन्नबसप्पा : मोटार चालू आसताना हात घालू नकू. आदी मला फोन कर.